वाघ न दाखवणारी मामी

वाघाच्या जंगलात पाहुण्यांना नेऊन, त्यांना वाघाचं शेपूटसुद्धा न दाखवता, वर "पुन्हा कधी येऊ?" असं त्यांच्याच तोंडून वदवून घेणारी बाई सबंध माळव्यात एकच होऊन गेली, आणि ती माझी धाकटी मामी. हे मी भाचीच्या कौतुकाने सांगत नाही. इंदूरचे कापडवाले शेठ, धारचे शास्त्रीबुवा, देवासचे वकील आणि हेडमास्तर, अशी मोठमोठी माणसं तिच्यामागून काट्याकुट्यांतून चाललेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तिच्या सांगण्यावरून ही माणसं डोळे मिटून दगडावर बसली, त्यांनी ओढ्यात पाय सोडून मासोळ्यांना टाचा खाऊ दिल्या, आणि ज्या वस्तूकडे एरवी नाक दाबून पाठ फिरवली असती ती काडीने फोडून आत काय आहे ते वाकून बघत राहिली. हे सगळं करवून घेताना मामी त्यांच्यावर कधी आवाज चढवत नसे. ती फक्त विचारी, "असं का असेल हो?" आणि समोरचा माणूस आपलं वय, हुद्दा आणि धोतराची इस्त्री विसरून खाली बसे.

मामीच्या आधी मामांबद्दल सांगायला हवं, कारण ती जंगलात गेली ती मामांमुळे, आणि मामा जंगलात गेले ते चुकून. देवासला संस्थानी अमलात जंगलखात्याचं जे दफ्तर होतं, तिथे ते कारकून होते. साग किती इमारती आणि किती जळाऊ हे ते कागदावरून सांगत, पण उभा साग समोर आणला असता तर त्यांनी त्याला नमस्कार करून नाव विचारलं असतं. पुढे संस्थानं विलीन झाली, दफ्तरं नव्या सरकारात गेली, आणि सेवाज्येष्ठतेच्या कुठल्याशा यादीत नाव वर निघाल्यामुळे मामा एका सकाळी उठले ते रेंजर होऊन. नेमणूक झाली उदयनगरच्या पलीकडच्या जंगलात. बसने जिथवर रस्ता आहे तिथवर जायचं आणि पुढे बैलगाडीने, अशी ती जागा. खाकी पोशाख मिळाला. मामांनी विजारीचे पाय खाली सुतळीने बांधले, म्हणजे आत काही शिरायला नको, गळ्यात एक शिट्टी अडकवली, आणि सात वर्षं ते त्या जंगलात जीव मुठीत धरून राहिले. गंमत अशी की वाघ दिसला तो मामांनाच. दोनदा, आणि दोन्ही वेळा संडासाच्या खिडकीतून. मामी जन्मभर जंगलात राहिली असती तरी चाललं असतं, पण तिला वाघ एकदाही दिसला नाही. त्याचं तिला वाईट वाटत नसे. "त्याने मला पाहिलं असेलच की," असं ती म्हणे, आणि ते त्याच्यासाठी पुरेसं आहे अशा सुरात म्हणे.

मामी धारची. माहेरची मंडळी दरबारच्या नोकरीतली, घरात रीतभात कडक, आणि ही मात्र लहानपणापासून "का" विचारणारी. भाऊ तिला चिडवायला काबाई म्हणत. लग्न होऊन देवासला आली तेव्हा सासरीही पहिल्याच आठवड्यात तिने आजीला विचारलं होतं की देवाला बेल वाहतात तो पालथा का. आजीने सांगितलं, "पालथाच वाहतात." मामी म्हणाली, "ते दिसलं. का?" ती माझ्याहून दहाच वर्षांनी मोठी होती, म्हणून मामांना मी अहोजाहो करत असले तरी तिला अगंतुगं करायची. मूलबाळ तिला झालं नाही. जंगलात गेल्यावर पहिलं वर्ष तिने रडून काढलं, असं तिनेच मला सांगितलं. क्वार्टरच्या आसपास बोलायला माणूस नाही, मामा दार लावून आत फायली घेऊन बसलेले. एके दिवशी सकाळी कुणीतरी जवळच्या झाडावर ठोकायला लागलं, ठक ठक ठक, थांबायचं, पुन्हा ठक ठक. तिने मामांना विचारलं, "अहो, हे काय आहे?" मामा म्हणाले, "पक्षी." तिने विचारलं, "कुठला?" मामा म्हणाले, "जंगली."

या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. ती बाहेर गेली. तिथे नाकेदार बसला होता. नाकेदार म्हणजे जंगलाचा पहारेकरी. हा भिलाला जातीचा, वयाने पन्नाशीच्या पुढचा, बोलायला अगदी कमी. त्याने काही न सांगता तिला मागून चल अशी खूण केली आणि एका वठलेल्या सालईपाशी नेऊन सुतार पक्षी दाखवला. मामीने त्याला भाऊ म्हणून हाक मारत विचारलं, "भिया, याचं डोकं दुखत नाही?" नाकेदाराने विचार केला. तो सगळा जन्म त्या जंगलात वाढलेला, पण हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. "पता नी, बई," तो म्हणाला. मग ते दोघं तिथेच उभे राहिले, सुताराचं डोकं दुखतंय का ते बघत, इतका वेळ की घरात मामांनी शिट्टी फुंकायला सुरुवात केली. त्या दिवसापासून मामीचं रडणं थांबलं. रोज सकाळचं स्वयंपाकपाणी आवरलं की ती नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, डोक्यावर मामांची जुनी हॅट ठेवून नाकेदाराबरोबर निघे आणि दोन अडीच तासांनी नवे प्रश्न घेऊन परत येई.

पुढे त्या भागात शिकार बंद झाली. बंदूकवाले यायचे थांबले आणि नुसतं जंगल बघायला माणसं येऊ लागली. वरून हुकूम आला की अशा पाहुण्यांची सोय रेंजरने पाहावी आणि त्यांना जंगल दाखवावं. हुकूम वाचून मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही. पहिली टोळी आली देवासच्या मास्तर लोकांची, आणि तीत मीही होते, कारण मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. मामांनी आम्हाला क्वार्टरशेजारच्या सरकारी बंगल्याच्या ओसरीवर सतरंजीवर बसवलं आणि दीड तास जंगलाचा कायदा वाचून दाखवला. दुसरं कलम संपताना हेडमास्तरांना डुलकी लागली. तेवढ्यात मामी चहा घेऊन आली, आमच्या चेहऱ्यांकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "अहो, कायदा कुठे पळून जात नाही. मी यांना जरा ओढ्यापर्यंत नेऊन आणते." मामांनी इतक्या लगबगीने पुस्तक मिटलं की जणू आगच विझवली. तेव्हापासून पाहुण्यांना नेणं हे मामीचं काम झालं. सरकारदरबारी ते मामांच्या नावावर चाले.

मामीच्या फेरीचे काही नियम होते. निघण्याआधी ती सगळ्यांना ओळीने उभं करी आणि प्रत्येकाचा वास घेई. अक्षरशः. पुढे होऊन, हात मागे बांधून, हुंगून. इंदूरचे एक शेठ कानात अत्तराचा फाया ठेवून आले होते. मामीने त्यांना सांगितलं, "शेठजी, आप तो कोस भर से मालूम पड़ोगे," आणि विहिरीवर पाठवून मानेपर्यंत धुवून आणलं. त्यांच्या दुकानातल्या गुमास्त्यांनी ते दृश्य पाहिलं असतं तर दुकान चाललं नसतं. करकरणारे नवे बूट ती उतरवून घेई. पांढरा सदरा कुणी घातला असेल तर त्याला मामांचा खाकी कोट चढवी, आणि मामा बिचारे बनियनवर बसून राहत.

ओढ्याच्या अलीकडे काळ्या दगडांचा एक कट्टा होता. तिथे पोचलं की सगळ्यांनी पाव तास डोळे मिटून बसायचं आणि मग एकेकाने काय ऐकू आलं ते सांगायचं. पहिल्यांदा माणसं लाजत. कोणी म्हणे वारा, कोणी म्हणे पक्षी. देवासचे एक वकील फार प्रामाणिक होते. त्यांनी सांगितलं, "मला माझं पोट ऐकू आलं." बाकीचे हसले, पण मामी हसली नाही. तिने विचारलं, "ते रोज बोलतं का?" वकिलांनी विचार करून सांगितलं की रोज बोलत असेल, पण कोर्टात ऐकू येत नाही. मामीने त्यांचं पोट इतर आवाजांबरोबर मोजणीत धरलं. दुसऱ्या वेळी बसलं की मात्र सगळ्यांना जास्त ऐकू येई. वाळलेल्या पानावर मुंगळा चालतो तोसुद्धा. एक बाई तर डोळे उघडल्यावर म्हणाल्या की इतक्या गर्दीत बसलो असून आपण इथे एकटेच आहोत असं आम्हाला उगाच वाटत होतं.

मग पुढे गेलं की ती आपलं एक जुनं पातळ झुडपाखाली अंथरी आणि झुडूप हलवी. पातळावर टपाटपा जे काय पडे ते बघून हेडमास्तर आधी चार हात मागे उडाले. नंतर काडीसारखा दिसणारा एक किडा चालायला लागला तेव्हा ते गुडघ्यांवर बसले, आणि त्या दिवशी त्यांची परतीची बस चुकली. बायकांची टोळी असली की ओढ्यात पाय सोडून बसणं असे. लहान मासोळ्या येऊन टाचांच्या भेगा टोकरत, आणि भजनी मंडळातल्या सोवळ्या म्हाताऱ्या शाळेतल्या पोरींसारख्या फिसफिस करत. विष्ठा हा तर मामीच्या खास जिव्हाळ्याचा विषय. अस्वलाची दिसली की तिचा चेहरा खुले. काडीने ती हळूच उकलून दाखवी: ही बोराची बी, ही मुंग्यांची डोकी, हा मध खाताना आलेला मेणाचा तुकडा. "काल याचं जेवण आपल्यापेक्षा चांगलं झालं," असं ती सांगे. शास्त्रीबुवांनी उपरण्याने नाक झाकलं होतं, ते एका हाताने धरून दुसऱ्या हाताने त्यांनी स्वतः काडी मागून घेतली.

आणि तिला एखादी गोष्ट कुणी विचारली आणि ती माहीत नसली, की तिच्याइतका आनंद कुणाला होत नसेल. "माहीत नाही," असं ती अशा थाटात म्हणे, जणू सणाचं ताट समोर आलं आहे. इतर माणसं अडली की विषय बदलतात. मामी अडली की तिथे बसत असे. कुळूचं झाड इतकं गोरं का, नवरंग पक्षी पावसाच्या तोंडावरच का येतो, कोळी जाळ्याच्या मधोमध न बसता कधीकधी कडेला का बसतो, असले तिचे सवाल. नाकेदाराला माहीत असलं तर तो सांगे. नसलं तर "पता नी, बई" म्हणून तोही उकिडवा बसे, आणि त्यांच्याबरोबर पाहुणे. वाघाची आठवण राहत नसे कुणाला. परत बंगल्यावर आल्यावर एखादा चपापून म्हणे, "अरे, टाइगर तो रह गया." तोवर पिठलं-भाकरी समोर आलेली असे.

हे असंच चालत राहिलं असतं. पण एका वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेले असताना मामांना पत्र आलं. खात्यातले फार मोठे साहेब स्वतः येणार होते. जंगल पाहुण्यांसाठी वाढवावं की नाही, याचा त्यांना अहवाल द्यायचा होता. पत्र मामांनी दोनदा वाचलं, पण या वेळी भीतीने नव्हे. देवासच्या कचेरीत एक टेबलाची जागा रिकामी व्हायची होती. साहेब खूश झाले तर ती मागता येईल, असं त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी आम्हा दोघींना जेवताना सांगितलं, आणि सांगताना ते लहान मुलासारखे दिसत होते. मामी वाढता वाढता थांबली. मग तिने त्यांच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "मग नीट व्हायला हवं सगळं."

मामांनी लगेच कार्यक्रम लिहून काढला. सकाळी सातला चहा, साडेसातला प्रस्थान, आठ ते पावणेनऊ वाघ, नऊला अल्पोपाहार. वाघाला पाऊण तास दिला होता. तो आठ वाजता हजर राहावा म्हणून त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने एक बोदा आणवला, म्हणजे रेडकू, झाडाला बांधून ठेवायला. मचाणही बांधायला सांगितलं. रेडकू दोन दिवस अंगणात बांधून होतं. मामीने पहिल्या दिवशी त्याला गवत घातलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या कानामागे खाजवलं, आणि तिसऱ्या दिवशी नाकेदाराच्या हाती ते ज्याचं त्याला परत पाठवून दिलं.

मामा अंगणात रिकाम्या दाव्याकडे बघत उभे राहिले. "अगं, साहेबांना वाघ दिसायला हवा," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, खाली गेला होता. "तुला कळत नाही. माझी ही एकच वेळ आहे."

"कळतं," मामी म्हणाली. "बांधून ठेवलेलं पोर मरताना बघून कोण खूश होतो? आणि होत असला तर त्याच्याकडून काही मागू नये. तुमची बदली मी करून देते."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होतो. मी तिला विचारलं, "मामी, तुला जायचंय का देवासला?" तिने उत्तर लगेच दिलं नाही. ती प्रश्नांना उशीर लावणारी बाई नव्हती, म्हणून मी वर पाहिलं. "यांना इथे झोप लागत नाही गं," ती म्हणाली. "सात वर्षं. मी रोज बघते. जरा काही वाजलं की उठून बसतात. मला सात वर्षं मिळाली ना." मग तिने सूप पाखडायला घेतलं आणि मला विचारलं की तांदळातला किडा कोरड्या डब्यात पाणी न पिता कसा जगत असेल.

साहेब आले ते जीपमधून, आणि सोबत त्यांची आई. आई माळव्यातल्या कुठल्याशा खेड्यातल्या, पाय दुखणाऱ्या, साहेब दौऱ्यावर असताना घरी एकट्या नकोत म्हणून बरोबर आणलेल्या. साहेब उंच, गळ्यात दुर्बीण, मनगटावर मोठं घड्याळ. मामांचा कार्यक्रम त्यांनी वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ये टाइगर पक्का है?" मामा गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करू लागले. मामी म्हणाली, "साहब, उसको हमारा काग़ज़ मिला नहीं है." साहेब हसले नाहीत. मी मनात म्हटलं, गेली मामांची बदली.

आईंना ओसरीवर आरामखुर्ची मांडून दिली होती. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मामीला विचारलं, "बेन, कां जई री हो?" कुठे चाललात म्हणून. मामीने सांगितलं, ओढ्यापर्यंत. आई म्हणाल्या, "म्हारे भी ली चलो." साहेब म्हणाले, माँ, तुमसे नहीं होगा. पण मामीने तोवर त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला होता. मग साहेबांनाही आईच्या चालीने चालावं लागलं, दहा पावलं आणि विसावा, दहा पावलं आणि विसावा. कार्यक्रमपत्रिका तिथेच निकालात निघाली.

कट्ट्यावर सगळे डोळे मिटून बसलो. पाव तासाने मामीने विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "मुझे तो अपनी घड़ी सुनाई दी." जरा थांबून त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. मग मामीने त्यांच्या आईंना विचारलं. त्यांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली: पाणी, वरच्या झाडात हळद्या, पलीकडे बांबू घासतोय तो, लांब कुठेतरी बैलाची घंटा, आणि हे इथे जवळ, गवतात काहीतरी उभं आहे. नाकेदाराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यालाही ते ऐकू आलं होतं, पण तो दुसऱ्यांना ते ऐकू येण्याची अपेक्षा करत नसे.

मग आईंनी शेजारच्या बांबूचं एक पान खुडलं, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये ताणून धरलं आणि तोंडाशी नेऊन फुंकलं. बारीक, चिरका, रडवेला आवाज निघाला, पाडस आईला हाक मारतं तसा. पुन्हा एकदा. गवत हललं आणि एक भेकर बाहेर आलं. हरणाच्या जातीतलं हे लहानसं, तांबूस जनावर इतकं बुजरं असतं की मी तिथे इतक्यांदा जाऊनही फक्त त्याची पळती पाठ पाहिली होती. ते आमच्यापासून दहा-बारा हातांवर येऊन उभं राहिलं, एक पाय उचलून, आणि कोण रडतंय ते शोधू लागलं. साहेबांची दुर्बीण गळ्यातच राहिली. भेकराने आम्हा सगळ्यांकडे नीट पाहिलं, आमच्यात आपलं कुणी नाही अशी खात्री झाल्यावर ते वळलं आणि सावकाश गवतात गेलं.

मामीचे डोळे चमकत होते. "माँजी, हे मला माहीत नव्हतं," ती मराठीतच म्हणाली, आणि त्यांना ते कळलं. लहानपणी बापाच्या शेतावर राखण करायला मुलींना पाठवत, तेव्हा शिकले, असं आईंनी सांगितलं. साहेब आईकडे बघतच होते. "माँ, आपने कभी बताया नहीं," ते म्हणाले. त्या पान हातात फिरवत होत्या. "थने कदी पूछ्यो?" त्या म्हणाल्या. रागाने नाही. खरंच आठवत नव्हतं म्हणून, तू कधी विचारलं होतंस का, असं.

त्यानंतर साहेब दुपारपर्यंत विचारतच सुटले, हे काय, ते काय, आणि आई सांगत होत्या. मामी मागे राहिली होती. तिला पान फुंकायला जमत नव्हतं. ती आणि नाकेदार दोघंही गाल फुगवून पुन्हा पुन्हा फुंकत होते, आणि दोघांचाही आवाज मामांच्या शिट्टीसारखा येत होता.

जेवणं झाल्यावर साहेब ओसरीवर मामांचा हात धरून म्हणाले की असं जंगल आणि असं दाखवणं त्यांनी कुठे पाहिलं नाही. मामांचा चेहरा फुलला. साहेब पुढे म्हणाले, "आप जैसे आदमी को तो यहाँ से हिलाना ही नहीं चाहिए. मैं लिख दूँगा, रिटायर होने तक आप यहीं रहेंगे."

मामा "जी," एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला. मी मामीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीत पानाचा डबा घेऊन उभी होती. त्या क्षणी ती गप्प राहिली असती तर ते जंगल जन्मभर तिचं होतं. कुणी तिला दोष दिला नसता, मामांनीसुद्धा नाही. त्यांना कळलंही नसतं की एका शब्दाने हे टळलं असतं.

तिने डबा खाली ठेवला. "साहब," ती म्हणाली, "दाखवण्याचं काम हे करत नाहीत. मी करते. यांना जंगलात झोप लागत नाही. इनका काम टेबल का है, और वो ये बहुत अच्छा करते हैं. इनको देवास दे दीजिए."

साहेब गोंधळले. "और आप?"

"मैं इनके साथ जाऊँगी. और कहाँ जाऊँगी?"

साहेबांच्या आई खुर्चीतून मामीकडे बघत होत्या. त्यांनी मुलाला हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. तीन महिन्यांनी मामांची बदली झाली.

निघायच्या दिवशी मामीने कोणताही समारंभ केला नाही. सकाळी नाकेदाराबरोबर रोजच्यासारखी जाऊन आली आणि मग भांडी बांधली. नाकेदार गाडीबरोबर मैलभर चालत आला, आणि एका वळणावर थांबला. दोघांनी काय बोलणं केलं असेल म्हणून मी मामांना नंतर विचारलं. मामा म्हणाले, "काही नाही. ती म्हणाली, अच्छा भिया. तो म्हणाला, हां बई."

देवासला मामा पहिल्या रात्री झोपले ते सकाळी नऊ वाजता उठले. वर्षभरात ते चांगले भरले. मामीनेही रडगाणं गायलं नाही. नळाला पाणी येण्याआधी नळ हवा का सोडतो, दहीवाला हंडी कशाने घासतो की दही आंबत नाही, शेजारच्या घरच्या सुनेने बोलणं का सोडलं, असं तिचं चालू राही. शेजारपाजारच्या मंडळींना ती आवडे, जराशी विक्षिप्त म्हणून.

काही वर्षांनी मी शाळेच्या मुलींची सहल घेऊन त्या जंगलात गेले. परत आल्यावर तशीच, धुळीच्या पायांनी मामीकडे गेले. रस्ताभर मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, कट्टा आहे, ओढ्याला पाणी आहे, नाकेदार थकला पण भेटला, तिची आठवण काढत होता. मामीने मला बसवलं. बस वेळेवर मिळाली का विचारलं. मुलींना गाडी लागली का, डबे पुरले का, कुणी पडलं-झडलं का, हे सगळं विचारलं. जंगलाबद्दल काहीच विचारलं नाही. मी तोंड उघडणार तोच ती उठली आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली.

मामा खिडकीपाशी पेपर वाचत होते. त्यांनी तो हळूच मिटला आणि खुर्ची माझ्याकडे ओढली. "ओढ्याला पाणी होतं का गं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, होतं. "किती? पोटरीपर्यंत? आणि तो नाकेदार, त्याचे डोळे कसे आहेत आता? आणि ते पांढरं झाड, ते काय नाव त्याचं?" मी सांगितलं, कुळू. "कुळू," मामा म्हणाले. "उभं आहे ना?" एकेक गोष्ट ते विचारत होते आणि मी सांगितलेलं ओठांत पुन्हा घोळवत होते, विसरू नये म्हणून. "मी सांगेन तिला," ते म्हणाले. "एकदम नको. रोज थोडं थोडं."

मी सांगत राहिले. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता.